बाण धुराकडे

ता. ३ जून

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि. गुडघे वाकत नाहीत, तेव्हा नमस्कार कागदावरचाच मानून घ्यावा.

पत्रं लिहिण्याजोगं आपल्यात काही उरलेलं नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. तरी लिहितो, कारण काम तसं निघालं आहे. दादांची फटफटी मी नीट केली. एकतीस वर्षं माझ्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून होती. टाकीला गंज, सीटमध्ये उंदरांची बिऱ्हाडं, इंजिन जाम. जानेवारीपासून तिच्यामागे आहे. सिलिंडर बोअर केला, पिस्टन नवा घातला, चाकांच्या तारा एकेक करून बदलल्या. टाकीचा रंग तोच काळा, त्यावरची सोनेरी रेघ मी हाताने ओढली. परवा तिसऱ्या किकला बोलली.

गिऱ्हाईकही मिळालं आहे. जुन्या गाड्यांचे शौकीन आहेत, एक ऑगस्टला स्वतःचं दालन उघडतात. तिथे प्रत्येक गाडीशेजारी तिच्या हकिकतीचा फलक असणार आणि त्यावर कारागीर म्हणून माझा उल्लेख. चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलो, कुठे पाटी लागली नाही. वर्षअखेरीस वर्कशॉप बंद करतो आहे. हे एवढं एक राहील.

अडचण अशी की कागदोपत्री गाडी दादांच्या नावावर, आणि त्यांच्यामागे तुमच्या. सोबतच्या फॉर्मवर फुलीच्या जागी डाव्या हाताचा अंगठा उठवून पाठवावा. जागा सूनबाई दाखवतील. वाचत बसायची गरज नाही. तो प्रश्नही नाही म्हणा.

लोभ जेवढा आहे तेवढा पुरे.

तुमचा
धाकटा दीर

*

ता. ८ जून

श्री. भाऊजी यांस अनेक उत्तम आशीर्वाद.

आपले पत्र पावले. वाचून फार आनंद झाला. आपण एवढ्या कष्टाने गाडी नीट केलीत, याचे आम्हा सर्वांस कौतुक वाटते. अंगठ्याचे लवकरच कळवते. प्रकृतीस जपावे. इकडील सर्व मंडळी खुशाल आहेत.

असाच लोभ राहू द्यावा.

आपली
वहिनी

*

ता. १२ जून

आदरणीय आजीबाई यांस,

सविनय नमस्कार. आपला परिचय नसताना लिहितो, क्षमा असावी. आपल्या यजमानांची मोटारसायकल माझ्या संग्रहात येणार, याचा मला अतिशय आनंद आहे. छापण्यापूर्वी फलकावरचा मजकूर घरच्या मंडळींच्या नजरेखालून जावा, अशी माझी रीत आहे. आपल्या दिरांनी सांगितलेल्या माहितीवरून तो असा केला आहे:

“ही गाडी शिवणयंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका फिरत्या कारागिराची. टू-स्ट्रोक गाडीत इंजिनाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. मालकांच्या निरक्षर पत्नीकडून ते मिसळायचे राहिल्याने धावत्या गाडीचे इंजिन जाम झाले व मालक एका पायाने कायमचे अधू झाले. तीस वर्षांनी त्यांच्या धाकट्या बंधूंनी ही गाडी कुशलतेने पुन्हा जिवंत केली.”

प्रेक्षकांना अशा मानवी चुका फार भावतात. कामाच्या प्रत्येक टप्प्यावर माझ्या माणसाने छायाचित्रे घेतली आहेत. त्यांच्या प्रती आपल्याला वेगळ्या टपालाने पाठवतो.

कृपाभिलाषी,
जुन्या गाड्यांचा एक संग्राहक

*

ता. १४ जून

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि.

खोटं कशाला बोलू, तुमच्या पत्राने मी चाटच पडलो. एवढा गोडवा तुमच्याकडून लग्नातसुद्धा ऐकला नव्हता. वयाने माणूस निवळतो म्हणतात, ते दिसलं. आता त्याच निवळीत अंगठाही उठवून टाका. गिऱ्हाईक घाई करतं आहे.

आपला
धाकटा दीर

*

ता. १९ जून

भाऊजींस आशीर्वाद, पण या खेपेस मोजून एक.

तुमचं चौदा तारखेचं पत्र सूनबाईने वाचलं आणि मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मी आठ तारखेला तुम्हाला जे सांगितलं होतं ते ऐकून माणूस चाट पडत नाही, अंगावर धावून येतो. म्हणजे माझं म्हणून जे गेलं ते माझं नव्हतं. विचारलं, तर सूनबाई चहाच्या कपात बघायला लागली. म्हणे, घरातली भांडणं मिटावीत म्हणून थोडी साखर घातली. तिचं मन चांगलं आहे, पण माझ्या तोंडावर तिने स्वतःचं तोंड चिकटवलं, ते मला चालायचं नाही. आता कबूल केलंय तिने, मी म्हणेन तेच लिहीन. (केलंय. माझी चूक होती. — सून)

तर आठ तारखेला मी म्हटलं होतं ते असं. तुम्हाला एकतीस वर्षांत माझी आठवण आली ती बोटाएवढ्या कामासाठी, आणि तेही बोट सर्वांत आखूड. म्हटलं होतं की दादांची गाडी नीट केलीत, दादांचा पाय तेवढा राहिला. आणि असंही म्हटलं होतं की वाचता येत नाही म्हणून टोमणा मारायचा असेल, तर तो पत्रात लिहून पाठवणाऱ्याची अक्कल मी काय मोजावी.

हे जुनं झालं. आता नवं. त्या संग्राहकाने फलकाचा मजकूर पाठवला. सूनबाईने तो दोनदा वाचला. माझ्याकडून तेल राहिलं म्हणे. हे आता काचेत बसवणार, खाली दिवा लावणार, आणि तिकीट काढून आलेली माणसं ते वाचणार. मला एकटीला तेवढं वाचता येणार नाही. सोय चांगली केलीत.

बारा वर्षं त्या फटफटीचं तेल मी घातलं. पाच लिटरच्या डब्याला काठोकाठ एक पितळी पेला. आधी पेला, मग पेट्रोल, मग झाकण लावून डबा वीस वेळा हलवायचा आणि भिंतीवर खडूची एक रेघ मारायची. त्या दिवशीची रेघ मी मारली होती. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, जिला अक्षर येत नाही तिच्या हातात माप देणारा दादाच वेडा. ते पडलेले होते खाटेवर, पाय लाकडाच्या पट्ट्यांत. काही बोलले नाहीत.

पुढे काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. वन्सं लेकरांचं औषध माझ्या हाताने मोजू देईनात. सुरुवातीला मला वाटलं, सवय असेल. आणि आमच्या घरात स्टोव्हमध्ये रॉकेल हे भरायला लागले. कुबडी भिंतीला टेकवून, एका पायावर तोल सांभाळत, नरसाळं धरून. मी म्हणायची, द्या इकडे. म्हणायचे, राहू दे, मी भरतो. ओरडून कधी बोलले नाहीत. शेवटपर्यंत तेच भरत राहिले. वीस वर्षं.

तेव्हा फलकावरून ती ओळ पुसा. नाहीतर माझा अंगठा माझ्यापाशीच बरा आहे, मला लसूण सोलायला लागतो.

लोभ मागायची ही जागा; मागत नाही.

वहिनी

*

ता. २४ जून

वहिनींस,

नमस्कार.

सूनबाईंना म्हणावं, तुमचीच साखर बरी होती.

स्पष्ट लिहितो. फलकावर जे आहे ते अख्ख्या नात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून ते लिहिलेलं नाही. घडलं तसं लिहिलं आहे. इंजिन मी या हातांनी उघडलं. आत ठणठणीत कोरडं होतं, तेलाचा थेंब नाही. बारा वर्षं घातलंत ते खरं असेल, पण एक दिवस विसरायला एक दिवस पुरतो. भिंतीवरची रेघ कुणीही मारेल. खडूला काय, तो कुणाच्याही हातात चालतो.

जुना पिस्टन भंगारात गेला, नाहीतर तोही दाखवला असता. अर्थात दाखवून तुम्हाला त्यातलं काय कळणार होतं?

मी माणूस वाईट असेन, पण कारागीर खोटा नाही. माझ्या आयुष्यातलं हे एकच काम लोक बघणार आहेत. ते तुमच्या हट्टापायी अडलं, तर ताईला आणि सगळ्या भावंडांना बोलावून घेईन आणि त्यांच्यासमोर विचारीन, की दादाचा पाय घेतलात, आता गाडीही अडवणार का.

फॉर्म दहा जुलैपर्यंत यावा.

धाकटा दीर

*

ता. ३० जून

भाऊजींस,

आशीर्वाद मागाहून. आधी हे ऐका. बसून ऐका.

संग्राहकाचे फोटो आले. चांगला माणूस, एकेका फोटोला पातळ कागद लावून पाठवलेत. सूनबाई म्हणाली, मी सांगते कशात काय आहे. मी म्हटलं, फोटोला अक्षरं नसतात, दे इकडे. चष्मा लावून खिडकीत बसले आणि सकाळचा चहा गार केला.

ताडपत्री काढलेली फटफटी. मग टाकी उतरवलेली. मग एक फोटो, त्यात सिलिंडर वर उचलून बाजूला ठेवलाय आणि पिस्टन उघडा पडलाय. पुढच्या अंगाला सायलेन्सरची नळी, मागे कार्बोरेटर, दोन्ही स्पष्ट. पिस्टनच्या टाळूवर काजळीचा थर, आणि मधोमध बोटाएवढीच जागा फडक्याने पुसलेली. त्या पुसलेल्या जागेत एक बाण.

भाऊजी, दर सहा महिन्यांनी मागच्या पडवीत बसून त्या पिस्टनची काजळी कोण खरवडत होतं, असं तुम्हाला वाटतं? हे सिलिंडर उचलायचे आणि मी बांबूची चपटी काडी घेऊन बसायची. लोखंडाने खरवडू नये, ओरखडे पडतात. काजळी निघाली की बाण दिसायचा, आणि हे प्रत्येक वेळी तेच म्हणायचे, बाण धुराकडे. म्हणजे सायलेन्सरच्या नळीकडे. उलटा बसला, तर रिंगेची टोकं धुराच्या भोकावर येतात, दोन-चार दिवस चालतात, मग एक दिवस अडकून मोडतात आणि इंजिन जागच्या जागी धरतं. चोवीस वेळा ऐकलंय मी हे. दगडालाही पाठ झालं असतं.

फोटोतला बाण कार्बोरेटरकडे बघतोय.

त्या वर्षी यांना ताप होता. काजळी काढायचं काम तुम्ही नेलंत, वर्कशॉपमध्ये करतो म्हणालात. गाडी आणून दिलीत त्याच्या आठव्या दिवशी हे वळणावर पडले. हे मला एकतीस वर्षं माहीत होतं, पण त्याचा अर्थ माहीत नव्हता. माझं डोकं एकाच जागी फिरत होतं, पेला भरला होता ना, रेघ आधी मारली की नंतर. स्वतःवरच संशय घेत घेत मी म्हातारी झाले.

आणि कोरडं ठणठणीत म्हणता? पिस्टनखालचा दांडा तेलाने चकाकतोय, उन्हाचा कवडसा पडलाय त्यावर. सूनबाईलाही दिसला. तिला तर गाडीतलं ओ का ठो कळत नाही. (खरं आहे. दोन्ही. — सून)

तुम्हाला चार बुकं वाचता येतात, भाऊजी. अक्षर मोत्यासारखं, सगळे म्हणतात. तेवढा एक बाण वाचायचा राहिला.

तरी मी गप्प बसले असते, बरं का. माणूस चुकतो. पण त्या टाळूवरची जागा बोटाएवढीच पुसलेली आहे. काजळी साफ करणारा सगळी करतो. बाणच बघायचा असतो, तो बाणापुरती करतो. फोटोच्या मागे तारीख आहे, सूनबाईने वाचली. सतरा जानेवारी. म्हणजे जानेवारीत तुम्ही पाहिलंत. आणि त्यानंतर त्या भल्या माणसाला सांगितलंत की बाईने तेल घातलं नाही. एकतीस वर्षं तुम्हाला ठाऊक नव्हतं, ते मी सोडलं. पाच महिने ठाऊक होतं, ते सोडत नाही.

पिस्टन भंगारात गेला म्हणता. तुम्ही वाकडा खिळा टाकत नाही, सरळ करून डबीत ठेवता. पिस्टन कुठल्या खणात आहे ते बघा.

आणि भावंडांना खुशाल बोलवा. मी फोटो घेऊन येते.

वहिनी

*

ता. ६ जुलै

वहिनी,

पिस्टन खणातच होता. सोबत पाठवला आहे, रजिस्टर पार्सलने. मोडकी रिंगही त्यातच आहे.

काय लिहायचं? जानेवारीत सिलिंडर सुटला तेव्हा वर्कशॉपमध्ये मी एकटाच होतो. फोटोवाला बाहेर पान खात होता. बाण पुसला, बघितला आणि स्टुलावर बसलो. मग तो आत आला, त्याने फोटो काढला, आणि मी काढू दिला. मला वाटलं, बाण कुणाला कळणार आहे. तुम्ही तर माझ्या डोक्यातही आला नव्हतात.

तुम्हाला हेच ऐकायचं होतं ना? ऐकलंत. पण एक सांगतो, मला तुमची दया नको आणि मी तुमचे पाय धरायलाही येणार नाही. दादाला मी मुद्दाम पाडलं नाही. त्याचा माझ्यावर जीव होता, म्हणून गाडी माझ्या हातात दिली. त्याला हे कळलं नाही तेच बरं, असं मला वाटतं. तुम्हाला वाटत नसेल.

संग्राहकाला कळवतो की व्यवहार होणार नाही. फलक नको आणि दालनही नको. गाडी तुमच्या दारात आणून सोडतो. तुमचं तुम्ही बघा.

धाकटा दीर

*

ता. ११ जुलै

भाऊजींस आशीर्वाद. दोन.

पार्सल मिळालं. पिस्टन मी खिडकीत ठेवलाय. माझ्या मुठीपेक्षा थोडा मोठा, आणि एवढ्याने घरात एकतीस वर्षं काय काय केलं.

गाडी माझ्या दारात आणू नका. मला ती नको. मी काय तिच्यावर बसून भाजी आणायला जाऊ? आणि पळून जायचा हा मार्ग मी तुम्हाला देत नाही. व्यवहार मोडलात, की गाडी पुन्हा ताडपत्रीखाली, पिस्टन पुन्हा खणात, आणि वन्संच्या डोक्यात तेल राहिलेलंच. तुमची सुटका, माझी नाही. गाडी जाईल. दालनात जाईल. फलकही लागेल.

यांना कळलं नाही तेच बरं, असं तुम्ही लिहिलंत. ते वाचून झाल्यावर मी सूनबाईला लेखणी खाली ठेवायला सांगितली. दोन दिवस पत्र पुढे गेलं नाही. तुम्हाला भाऊ वाचवायचा होता. मला नवरा वाचवायचा होता, त्याच्या मनातल्या एका शंकेपासून, जी त्यांनी मला कधी बोलून दाखवली नाही. ते आता होणार नाही. तुमच्या-माझ्यात हे कायमचं राहील. मी ते गोड करून घेणार नाही, तुम्हीही करू नका.

तर फलकाचं. आजवर मी सांगायची आणि कुणीतरी लिहायचं. कधी धोबी, कधी लेक, आता सूनबाई. या खेपेस तुम्ही लिहायचं. तुमच्याच अक्षरात, छापील नको. मी सांगते तसं, साखर न घालता:

“ही गाडी शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या एकाची. बारा वर्षं तिचं तेल त्याच्या बायकोने मोजून घातलं. माप एकदाही चुकलं नाही. पिस्टन उलटा बसवला होता, म्हणून इंजिन धरलं आणि मालकाचा पाय गेला. पिस्टन शेजारी ठेवला आहे. बाण पाहावा.”

याखाली एक ओळ मोकळी सोडा. पिस्टन कुणी बसवला, ते मी सांगणार नाही. ती ओळ तुमची. लिहा नाहीतर कोरी ठेवा. गाडी नीट कुणी केली, तेही तिथेच लिहायला हरकत नाही. ते काम चांगलं झालंय, फोटोत दिसतं. सोनेरी रेघ यांनी ओढली असती तर इतकी सरळ आली नसती.

आणि एक पत्र वन्संना, तुमच्या ताईला. तेही तुमच्याच हाताने.

दोन्ही झाली की फलकाची नक्कल इकडे पाठवा. मग अंगठ्याचं बघू. आधी नाही. माझा तुमच्यावर विश्वास नाही.

वहिनी

*

ता. १९ जुलै

वहिनींस,

फलक लिहिला. पाच कागद फुकट गेले. पिस्टन संग्राहकाकडे परस्पर पाठवावा. त्यांना सगळं सांगितलं आहे. ते म्हणाले की आधीच्या मजकुरापेक्षा हा बरा आहे. त्यांना काय, काहीही भावतं.

ताईला पत्र टाकलं. तिचं उत्तर आलं नाही. येईल असं वाटत नाही.

तुम्ही सांगितलंत ते अक्षर न अक्षर तसंच लिहिलं आहे. मोकळ्या जागेत दोन वाक्यं घातली:

“पिस्टन मी बसवला. गाडी नीटही मीच केली. — मालकांचा धाकटा भाऊ.”

लोक दुसरं वाक्य वाचणार नाहीत, पहिल्यावरच थांबतील. तुम्ही मोकळी जागा सोडलीत तेव्हा हे तुम्हाला ठाऊक होतं. चांगलं मोजता, हे मान्य करावं लागतं.

फॉर्म पाठवा.

धाकटा दीर

*

ता. २४ जुलै

भाऊजींस आशीर्वाद, नेहमीचे.

फॉर्म सोबत आहे. अंगठा डाव्या हाताचा, फुलीवर. शाई अजून नखात आहे.

वन्संचं उत्तर तुम्हाला आलं नाही, मला आलं. त्यांच्या नातवाला खोकला आहे, त्यांनी बाटलीसकट त्याला इकडे पाठवलाय. सोबत चिठ्ठीची एक ओळही नाही. बाटलीवर रेघा आहेत; मला त्या पुरतात. पण तुम्हाला हे लिहिते ते बरं वाटावं म्हणून नाही. हिशेब तुमच्या बाजूने फिरलाय असं समजू नका.

आणखी एक. गॅस आल्यापासून जुना स्टोव्ह माळ्यावर पडून होता. तो सूनबाईला खाली काढायला लावला. नरसाळं तेच, टोकाशी चेपलेलं. पितळी पेलाही सापडला. पडवीत बसून मी पेल्याने मोजून स्टोव्हमध्ये रॉकेल भरलं, माझ्या हाताने, काठोकाठ. यांची कुबडी जिथे टेकलेली असायची तिकडे तोंड करून बसले होते. एक थेंब बाहेर पडला नाही.

पत्र इथे संपलं. पुन्हा लिहायचं कारण पडू नये.

वहिनी

(पडला नाही. मी समोर उभी होते. आणि या पत्रात मी एक अक्षरही बदललेलं नाही. — सून)